पंधरा दिवसांच्या बोलीवर

शालिकराम उमाठे यांच्या घरी तेरा कुत्री आली, ती ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिताना त्यांचा हात अडला म्हणून. एरवी त्यांना कुत्र्यांची ओढ होती असं कोणी म्हणणार नाही. समोरून कुत्रं आलं तर ते रस्ता बदलत. पण समोरून माणूस आला तरीही बदलत, त्यामुळे कुत्र्यांविषयी त्यांना वेगळं काही वाटत होतं, हेही सिद्ध करता येणार नाही.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर तुळजाई लेआउटच्या सोसायटीची सभा सेक्रेटरी भैय्याजी ताजने यांच्या अंगणात भरली होती. सभेचं इतिवृत्त शालिकरामजी लिहीत. इतवारीतल्या एका वाचनालयात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते, अक्षर वळणदार होतं आणि स्वतः काही बोलत नसत. इतिवृत्त लिहिणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही.

ठराव चौथा कुत्र्यांचा होता. लेआउटच्या तोंडाशी पाणीपुरवठ्याच्या मोठाल्या सिमेंटच्या नळ्या दोन वर्षं पडून होत्या आणि त्यांत चार कुत्री राहत होती. आता नळ्या जमिनीत जाणार होत्या. म्हणजे कुत्री रस्त्यावर येणार. तेव्हा गाडी बोलवावी, असं ठरलं. गाडी म्हणजे कोणती, हे कोणी विचारलं नाही. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे.

“लिहा, उमाठेजी,” भैय्याजी म्हणाले. “सर्वानुमते मंजूर.”

शालिकरामजींनी ‘सर्वा’पर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

“काहून थांबले जी? शाई संपली का?”

“सर्वानुमते म्हणता येणार नाही,” शालिकरामजी वहीकडे बघत म्हणाले. “बहुमताने म्हणता येईल.”

“कोनाचं मत वेगळं हाय?”

“माझं.”

खुर्चीनं मत दिलं असतं तरी लोक एवढे चपापले नसते.

“मंग तुमी ठेवता का त्याईले?” भैय्याजींनी विचारलं. प्रश्न उत्तरासाठी नव्हताच. पण शालिकरामजींचा स्वभाव असा, की प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं. बत्तीस वर्षं त्यांनी काउंटरवर तेच केलं होतं.

“ठेवतो,” ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनी आधी इतिवृत्तात वाचलं, मग त्यांना समजलं.

घरी सुभद्राबाई तांदूळ निवडत होत्या. “काय ठरलं सभेत?”

“चार कुत्री.”

“कोनाची?”

“आपली.”

सुभद्राबाईंनी सूप खाली ठेवलं. “जनमात कधी सभेत तोंड उघडलं नाही तुमी. अन उघडलं तं हे बाहेर पडलं.” मग जरा वेळानं, “भाकरी तरी किती लागन त्याईले?”

घरामागे पुढेमागे एक खोली काढू म्हणून टिनाचं शेड घातलं होतं. त्यात विटा होत्या. विटा बाहेर आल्या, कुत्री आत गेली. शालिकरामजींना घरात नवी वस्तू आली की नोंदवही घातल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि रकाने पाडले: दाखल क्रमांक, दिनांक, रंग, अवस्था, शेरा. क्रमांक एकच्या पुढे अवस्थेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘डावा कान फाटका, बाकी बांधणी मजबूत.’ क्रमांक तीनपुढे लिहिलं, ‘शेवटचा भाग नाही.’ त्याची शेपूट कोणीतरी तोडली होती.

पहिल्या पानावर त्यांनी आश्रयाचा पहिला नियम लिहिला: ‘येथे दाखल झालेला प्राणी कोणत्याही कारणास्तव मारला जाणार नाही.’

भैय्याजींनी कुंपणावरून मान काढून तो वाचला. “अन पिसाळला तं?”

“पिसाळू नये म्हणून सगळ्यांना इंजेक्शनं देणार आहे.”

“अन म्हातारा झाला तं?”

“म्हातारा मीही झालो आहे.”

यावर भैय्याजींनी सल्ला दिला. सल्ला देणं ही त्यांची श्वास घेण्याची पद्धत होती. कुत्र्यांना हळदीचं पाणी पाजा. कुत्र्यांना दक्षिणेकडे तोंड करून बांधू नका. फाटकावर बोर्ड लावा, म्हणजे लोक मदत करतील. पहिले दोन सल्ले शालिकरामजींनी ऐकून सोडले. तिसरा ऐकला, ही त्यांची चूक झाली. ‘प्राणी आश्रय’ असा बोर्ड लागला आणि नागपूरकरांनी मदत केली, ती कुत्री आणून. कोणी इतवारीतून हातगाडीवर पोत्यात घालून आणलं. सदरहून एक गृहस्थ सायकलच्या कॅरिअरवर टोपलीत एक कुत्री घेऊन आले आणि म्हणाले, “आमची बदली झाली आहे,” जसं काही कुत्रीची झाली नव्हती. डिसेंबर संपेतो वहीत तेरा नोंदी होत्या.

इंजेक्शनांसाठी तेरा कुत्र्यांना जनावरांच्या दवाखान्यात न्यायला चार सायकलरिक्षा लागल्या. पहिल्या रिक्षात स्वतः शालिकरामजी होते, मांडीवर दोन कुत्री आणि तोंडासमोर उघडं पुस्तक. वाचत होते म्हणून नव्हे. ओळखीचं कोणी बघू नये म्हणून.

मग संस्थेला मान्यता असावी म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्ज त्यांनीच लिहिला, आणि घोटाळा तिथेच झाला. ‘संस्थेत दाखल नोंदवही अद्ययावत आहे. देवघेव विभाग रोज सकाळी सात ते नऊ उघडा असतो. सभासदांची संख्या वाढत आहे.’ तीन टेबलं फिरून अर्ज ज्या टेबलावर थांबला, तिथून फेब्रुवारीत एक सज्जन तपासणीला आले. ते वाचनालयांचे निरीक्षक होते. शेडच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले. तेरा कुत्र्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून छापील फॉर्म काढला, कारण आले होते ते तो भरायलाच.

“दैनिकं किती येतात?”

“दोन,” शालिकरामजी खालच्या आवाजात म्हणाले. “एक वाचायला. एक खाली अंथरायला.”

निरीक्षकांनी ‘दोन’ लिहिलं, स्त्रियांसाठी वेगळी बसण्याची सोय आहे का ते विचारलं, चहा घेतला आणि गेले. त्यांचा अहवाल चांगला होता असं नंतर कळलं. अनुदान मात्र मिळालं नाही, कारण पुस्तकं कमी होती.

अर्जातला देवघेव विभाग खोटा नव्हता. तेरा कुत्री शेडमध्ये मावत नाहीत म्हटल्यावर ती लोकांना द्यायला हवीत, एवढं शालिकरामजींना समजलं होतं. पण द्यायची कशी? कायमची वस्तू त्यांनी कधी कोणाला दिलीच नव्हती. जे माहीत होतं ते केलं. प्रत्येक कुत्र्याचं एक कार्ड केलं आणि नियम लिहिले. मुदत पंधरा दिवस. एका कुटुंबास एका वेळी एकच. प्राण्याची अवस्था बिघडवू नये. परत करताना स्वच्छ असावा. परत केलेला प्राणी त्याच सभासदास त्याच दिवशी पुन्हा मिळणार नाही, इतरांनाही संधी मिळावी.

लोकांना ही कल्पना फारच आवडली. कोणी रामटेकला चार दिवस जाणार, घर राखायला कुत्रा घेऊन जाई. कोणाकडे लग्न, मांडवात सामान पडलेलं, दोन दिवस आधी येऊन कार्ड करून जाई. भैय्याजींच्या पत्नी इंदूबाई यांनी क्रमांक पाच घेतला, तो आवारात साप दिसला म्हणून. साप पुन्हा दिसला नाही, पण इंदूबाई क्रमांक पाच दोनदा घेऊन गेल्या.

आणि सगळे परत करत. कारण मुदत उलटली की सोळाव्या दिवशी शालिकरामजींचं पोस्टकार्ड जाई: ‘आपणाकडील क्र. ११ मुदतबाह्य झाला असून तो विनाविलंब परत करावा, ही विनंती.’ पोस्टमन ते दारातच मोठ्यानं वाची. आपण बाकीदार आहोत हे चारचौघांत ऐकायला लागलं, की चांगली चांगली माणसं दुपारच्या उन्हात कुत्रं ओढत येत. म्हणून पुढे पुढे पंधराव्या दिवशी सकाळीच लेआउटमध्ये घराघरांतून नळाखाली कुत्री धुतली जात, आणि सातच्या सुमाराला ओली कुत्री मागे घेऊन लोक फाटकाशी ओळीनं उभे राहत.

वाचनालयात बत्तीस वर्षांत परताव्याचं प्रमाण कधी सत्तरावर गेलं नव्हतं. इथे ते शंभर टक्के होतं. शालिकरामजींनी सुभद्राबाईंना तो आकडा दोन वेळा सांगितला. फुशारकी मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तिसऱ्यांदा सांगितला नाही.

“म्हंजे तेरा गेले अन तेराच्या तेरा वापस आले,” सुभद्राबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. “मंग तुमी करून काय राहिले?”

शालिकरामजी वही उघडून परताव्यांची बेरीज पुन्हा करत बसले.

मार्चच्या पहिल्या तारखेला सोसायटीची नोटीस आली. कारण भोंगा. गिरणीचा पाळीचा भोंगा वाजला की क्रमांक दोन मान वर करून सूर लावी आणि बाकीचे बारा त्याला साथ देत. भोंगा एक मिनिटात थांबे. क्रमांक दोनला शेवट आवडत नसे. ‘३१ मार्चपर्यंत शेड रिकामं करावं, अन्यथा गाडी बोलावण्यात येईल.’ खाली भैय्याजींची सही होती. नोटीस तेच घेऊन आले होते.

“माह्या हातात काही नाही, उमाठेजी. लोकाईची झोप होऊन नाही राहिली. या वेळी तं सर्वानुमते हाय. तुमी नव्हते सभेत.”

हे खरं होतं. सभेच्या दिवशी ते बाकीदारांना कार्डं लिहीत बसले होते.

त्यांनी परवाना खात्यातल्या रुपरावांना गाठलं. रुपराव जाडजूड, सावकाश बोलणारे गृहस्थ होते आणि लोकांच्या कुत्र्यांचे बिल्ले त्यांच्याकडून मिळत.

“गळ्यात बिल्ला असन तं गाडीवाले हात लावत नाही,” रुपराव म्हणाले.

“मग तेरा बिल्ले द्या.”

“कोनाच्या नावानं?”

“आश्रयाच्या.”

“असं नाही होत जी. बिल्ल्यावर घराचा नंबर राह्यते. एका घरावर दोन. बाकीच्याईले बाकीचे घरं पाहा. मालक पाह्यजे.”

“सभासद आहेत माझ्याकडे. सत्तावीस.”

“सभासद नाही चालत, उमाठेसाहेब. सभासद पंधरा दिवसाचा. मालक मरेपर्यंतचा.”

सत्तावीस सभासदांतला एकही मालक व्हायला तयार होईल, असं शालिकरामजींना वाटेना. कोणालाच त्रास द्यायला नको, असं मात्र फार वाटू लागलं. आणि त्याच आठवड्यात शंभर टक्क्यांचाही भंग झाला. क्रमांक सात परत आला नाही.

क्रमांक सात हा म्हातारा, भुऱ्या रंगाचा, एका डोळ्यात फूल पडलेला कुत्रा होता. त्याला कोणी मागत नसे. वरच्या फळीवरच्या जाड टीकाग्रंथासारखा तो कोपऱ्यात पडून असे. त्याला नेणारी सभासद एकच, अंजनाबाई रामटेके. त्या गिरणीत कामाला होत्या आणि नाल्यापलीकडच्या वस्तीत एकट्या राहत. तीन वेळा त्यांनी क्रमांक सात नेला, तिन्ही वेळा पंधराव्या दिवशी धुऊन आणून दिला, आणि नियमाप्रमाणे एक दिवस थांबून पुन्हा कार्ड करायला हजर. अशा सभासदाचा शालिकरामजींना आदर होता. चौथ्या खेपेला मात्र सोळावा दिवस गेला. पोस्टकार्ड गेलं. दुसरं गेलं. उत्तर नाही.

वसुलीसाठी ते आयुष्यात कोणाच्या दारी गेले नव्हते. पण शेड रिकामं करायचं तरी आधी वहीतला हिशेब तेरा भरायला हवा, या काळजीनं ते छत्री घेऊन निघाले. नाला ओलांडताना त्यांच्या लक्षात आलं, की लेआउटमध्ये अकरा वर्षं राहून आपण इकडे पहिल्यांदाच येतो आहोत. त्यांनी छत्री मिटली, मग ऊन लागलं म्हणून उघडली. तेवढ्यात घर आलं.

एकच खोली, शेणानं सारवलेली, लख्ख. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. अंजनाबाई पाळीवर जायच्या तयारीत होत्या, डबा बांधत होत्या.

“नमस्कार. क्रमांक सातच्या संदर्भात आलो होतो.”

“मले मालूम हाय. बसा.”

“दोन पत्रं पाठवली होती.”

“दोन्ही भेटले. मले वाचता येते जी, पन त्या पोस्टमनले मोठ्यानं वाचाची हौस. साऱ्या गल्लीले मालूम हाय मी बाकीदार म्हून.”

“मग…” शालिकरामजी चाचरले. “परत का नाही केलात?”

अंजनाबाईंनी डब्याची गाठ घट्ट केली. “तीन खेपा आनला तुमच्याकडं. मी त्याले सोडून निंघतो तवा तुमी कधी पाह्यलं का त्याच्याकडं?”

शालिकरामजींनी आठवून पाहिलं. त्या वेळी ते नेहमी वहीत तारीख लिहीत असत.

“पह्यले चार दिवस तो उंबऱ्याच्या भाईर बसते. पाचव्या-सहाव्या दिवशी आत येते. दहाव्या दिवशी माह्या खाटेखाली निजते. अन जरा कुठं जीव लागला, का तुमचा पंधरावा दिवस येते. मंग त्याले धुवा, पुसा अन नेऊन टाका. तुमी मनता परत केला. त्याले तं इतकंच समजते का पुन्हा कोनीतरी टाकून देल्लं. वापस आनला का पुन्हा उंबऱ्याच्या भाईर. पुस्तकाले नसन वाटत जी तसं. त्याले वाटते.”

खाटेखालून क्रमांक सातनं एका डोळ्यानं बघितलं.

“या खेपेला मी नाही आनत,” अंजनाबाई म्हणाल्या. “तुमी दहा पत्रं पाठवा.”

घरी जाताना शालिकरामजींना छत्री उघडायचं सुचलं नाही. आतापर्यंत एकूण परतावे एकसष्ट झाले होते. हा आकडा त्यांना तोंडपाठ होता. काल रात्रीपर्यंत तो आठवला की बरं वाटायचं. आता प्रत्येक आकड्याला चार पाय आणि ओलं अंग होतं, आणि समोर वहीत मान घालून बसलेला एक म्हातारा.

“हे सगळं मी केलं,” ते सुभद्राबाईंना म्हणाले.

“काय केलं?”

“एकसष्ट वेळा सोडून दिलं त्यांना. कार्ड पाठवून.”

सुभद्राबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “पेऊन घ्या आधी. एकतीस तारखेले अजून येळ हाय.”

तर आता द्यायचे ते कायमचे. पण वहीत ते लिहायचं कसं? वाचनालयातून पुस्तक कायमचं जाण्याच्या वाटा तीनच: वाळवी, जीर्ण, गहाळ. शालिकरामजींनी रात्रभर विचार करून त्यातल्या त्यात कमी अपमानकारक अशी तिसरी निवडली. ज्याला घर मिळेल, त्याच्यापुढे शेऱ्यात ‘गहाळ’ लिहायचं. आणि त्याला नेण्यासाठी कोणी काउंटरवर यायची वाट न बघता, आपण दारोदार जायचं.

हे म्हणायला सोपं होतं. पहिल्या घराची कडी वाजवून ते इतके घाबरले, की दार उघडेपर्यंत कुत्र्याच्या मागे उभे राहिले. पाठ केलेलं भाषण होतं, ‘आपण पूर्वी या प्राण्याचे सभासद होता.’ ते अर्ध्यावर विसरले. शेवटी म्हणाले, “हा ठेवून घ्या. मी परत मागायला येणार नाही.”

घरातला माणूस त्यांच्याकडे पाहतच राहिला. “मंग आधी काहून मागत होते जी? आमची पोरगी तीन दिवस जेवली नव्हती.”

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बाईंनी कुत्रा आधी आत घेतला आणि मग बोलणं ऐकलं. एका ठिकाणी दोन भाऊ क्रमांक चारवरून भांडले आणि शालिकरामजींना मध्यस्थी करावी लागली, जी त्यांना येत नव्हती. त्यांनी भावांना नियम वाचून दाखवले. क्रमांक दोन, म्हणजे भोंग्याचा गायक, गिरणीच्याच एका जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, नेला. त्याचं घर गिरणीला लागून होतं आणि तिथे भोंग्यापुढे कोणालाच काही ऐकू येत नसे. क्रमांक पाच इंदूबाईंनी नेला, भैय्याजी घरी नसताना. सोळा मार्चच्या संध्याकाळी शेड रिकामं होतं. बाकीच्यांनी बिल्ले आपापल्या घराच्या नंबरावर काढले, कुत्रं कुठून आलं हे न सांगता. अंजनाबाईंचा बिल्ला शालिकरामजींनी रुपरावांकडून आणला आणि पोस्टमनच्या हाती पाठवला. पाकिटातून, म्हणजे वाचायला काही नव्हतं.

एकतीस तारखेला सकाळी सात वाजता रुपराव शेड आणि बिल्ले तपासायला आपलं रजिस्टर घेऊन आले. भैय्याजी सेक्रेटरी म्हणून सोबत होते. शेड धुतलेलं, कोरडं. शालिकरामजींनी वही उघडून ठेवली होती.

रुपरावांनी शेऱ्याच्या रकान्यावरून बोट फिरवलं. “गहाळ. गहाळ. गहाळ. गहाळ.” बोट खाली जाईतो त्यांच्या कपाळावर आठी आली. “उमाठेसाहेब, पंधरा दिवसांत तेरा जनावरं गहाळ? माह्या नोकरीत एवढं कधी नाही झालं. कुठं गेले सारे?”

शालिकरामजी समजावून सांगायला लागणार, तोच फाटक करकरलं. क्रमांक अकरा आत आला. ओला. त्यानं अंग झटकलं, शेडमध्ये आपल्या जुन्या जागी गेला आणि मान खाली घालून बसला. मागोमाग क्रमांक एक. मग तीन, नऊ, पाच. सगळी ओली, मुकाट, एकामागून एक. भैय्याजी मोजत होते. बारा झाली.

शालिकरामजींना प्रथम काहीच कळेना. मग कळलं, आणि ते खुर्चीवर बसले. आज बिल्ले तपासायला साहेब येणार, म्हणून लोकांनी हौसेनं कुत्र्यांना आंघोळ घातली होती. कुत्र्यांना तारीख समजत नाही. पण आंघोळ घातली की आपल्याला सोडून देतात, एवढं त्यांना पक्कं शिकवलेलं होतं. कोणी न्यायच्या आत ती आपणच निघून आली होती.

“शेड तं भरलं जी,” भैय्याजी म्हणाले. आनंदानं नाही म्हणाले. “आता गाडीले सांगा लागन.”

शालिकरामजी उठले. त्यांना बोलायचं होतं, की चूक कुत्र्यांची नाही, माझी आहे. पण त्याआधी रस्त्यावर चपलांचा आवाज आला. दोघे भाऊ धावत येत होते, त्यांच्या मागे साबणाच्या हातांनी कोणाची तरी मुलगी, तिच्यामागे जॉबर, आणि पदर खोचलेल्या इंदूबाई.

“आमचा हाय का इथं?” इंदूबाईंनी शेडमध्ये वाकून पाहिलं. “हा पाहा, बसला चोरावानी. चाल घरी! आंग पुसू नाही देल्लं.”

“तुमचा?” रुपरावांनी विचारलं.

“मंग काय तुमचा?”

रुपरावांनी क्रमांक पाचच्या गळ्यातला बिल्ला उलटा करून पाहिला. मग रजिस्टरात पाहिलं. मग भैय्याजींकडे पाहिलं. “प्लॉट नंबर अठरा. भैय्याजी, हे तं तुमचंच घर.”

भैय्याजींनी कुत्र्याकडे असं बघितलं, जणू हे त्यानं सभेत सांगायला हवं होतं. “मले कोनी सांगतलं नाही.”

“तुमी घरी कवा राह्यता, सांगाले?” इंदूबाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांपासून तुमच्याच खाटेजवळ निजून राह्यला तो.”

“मले वाटे वाऱ्याचा आवाज हाय,” भैय्याजी हळूच म्हणाले.

रुपरावांनी मग शाळेत हजेरी घेतात तशी हजेरी घेतली. ते बिल्ल्यावरचा नंबर वाचत आणि गर्दीतून कोणीतरी म्हणे, “माहा हाय.” बारा वेळा. शालिकरामजींनी बत्तीस वर्षांत काउंटरवर हजारो आवाज ऐकले होते, पण हा शब्द त्यात नव्हता. पुस्तक घेऊन जाताना कोणी ‘माझं’ म्हणत नाही. ते वहीकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

“आश्रयाचे किती मंग?” रुपरावांनी विचारलं.

“एकही नाही.”

“शून्य,” रुपरावांनी लिहिलं. “पन हे गहाळ खोडा. हे तं सारे सापडले.”

“मला नाही सापडले,” शालिकरामजी म्हणाले. “त्यांना सापडले.”

रुपरावांनी सही केली. “बारा झाले. तेरावा कुठं हाय?”

शालिकरामजींनी शेडकडे पाहिलं. क्रमांक सात नव्हता. सगळी निघून आली, मग तो कुठे गेला? म्हातारा, एका डोळ्याचा, नाल्यावरचा रस्ता ट्रकांचा. ते छत्री न घेताच निघाले.

अंजनाबाई दाराला कडी घालतच होत्या. पाळीचा भोंगा वाजत होता. “आंघोळ घातली तं तेव्हापासून खाटेखाली जाऊन बसला जी. भिंतीले लागून. कितीक बोलावलं, नाही येत. मले जा लागते. तुमी बसता का जरासं? आला भाईर तं ही भाकर द्या, अन कडी लावून जा.”

शालिकरामजी आत जाऊन जमिनीवर बसले. खाटेखाली अंधारात एक डोळा चमकला. इतर बारा जणांनी आंघोळ होताच ओळखलं होतं की निघायचं आहे. यानंही ओळखलं होतं. फक्त त्यानं जायचं नाही असं ठरवलं होतं. शालिकरामजींनी भाकरीचा तुकडा पुढे सरकवला. क्रमांक सातनं त्यांना पाहिलं, ओळखलं, आणि आणखी मागे, भिंतीला अंग चिकटेपर्यंत सरकला. दात दाखवले. अगदी थोडे, पण स्पष्ट.

घरी सुभद्राबाई फाटकातच उभ्या होत्या. “भेटला का?”

“भेटला.”

“बरा हाय नं?”

“चांगला आहे. माझ्यावर गुरगुरला.”

सुभद्राबाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. माणसाचा इतका अपमान होऊन तो इतका खूश दिसावा, हे त्यांना नवीन होतं. “अन भाकर? खाल्ली का भाकर त्यानं?”

“मी असेपर्यंत तरी नाही,” शालिकरामजी म्हणाले. “म्हणून लवकर निघून आलो.”